इफिसकरांस ६ : पौलाची शस्त्रसामग्री आणि खरा रोमन शिपाई. मुलांना नेमकं काय शिकवावं?

निशिगंध
जय ख्रिस्त मंडळी.
उन्हाळी सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी १० ते १४ वर्षांच्या मुलांना प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र, अध्याय ६, ओव्या १० ते १८ शिकवायच्या आहेत. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पायतणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तरवार. दरवर्षी भिंतीवर रोमन शिपायाचं चित्र लावतात आणि उपदेशातली ठरलेली वाक्यं पुन्हा सांगतात: ढाल लढाईआधी पाण्यात भिजवत, चिलखताला पाठ नव्हती म्हणून शिपाई माघारी वळत नसे, पट्टा सर्वांत आधी बांधत.
यातलं खरं किती? ढाल आणि शिरस्त्राण पुठ्ठ्याचं करायचं तर माप काय धरावं? आणि मूळ प्रश्न: शांतीच्या प्रभूची ओळख लढाईच्या चित्रातून करून देणं तुम्हाला पटतं का?

लष्करीवाचक
चांगला विषय. एकेक घेतो.

पाठीचं चुकीचंच आहे. पौलाच्या काळातला शिपाई बहुतेक वेळा कड्यांचं चिलखत घाली. एक कडी चार कड्यांत गुंतवायची, असं विणून केलेला सदराच तो. पुढे-मागे सारखा, वजन साधारण १० किलो. पत्र्याच्या पट्ट्यांचं जे चिलखत चित्रांत दिसतं तेही पाठ झाकणारंच. 'पाठीला चिलखत नाही' ही कल्पना लोकप्रिय केली ती इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या रूपककथेने. तिचं हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिक क्रमण' नावाने मराठी केलं, त्यामुळे आपल्या मंडळ्यांत ती जुनी आहे. पौलाने पाठीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.

पट्ट्याचं अर्धं खरं. प्रत्यक्षात अंगरखा, पायतणं, चिलखत आणि मग वरून पट्टा. चिलखताचा सगळा भार खांद्यावर येतो. पट्टा घट्ट आवळला की त्यातला बराच कमरेवर उतरतो. सैल राहिला तर तासाभराच्या चालीत खांदे भरून येतात. पौलाच्या यादीत पट्टा चिलखताच्या आधी येतो, म्हणून तिथे अंगरखा वर खोचून कंबर कसणं हा अर्थ जास्त बसतो. पट्ट्याचा मान मात्र मोठा होता. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की सम्राट ऑगस्टस शिक्षा म्हणून शिपायांना पट्ट्याविना, नुसत्या अंगरख्यात, सेनापतीच्या तंबूपुढे दिवसभर उभं करी. पट्टा काढला की माणूस शिपाई राहत नसे. सत्य गेलं की बाकी सगळं अंगावर असून उपयोग नाही, हे मुलांना यावरून थेट सांगता येतं.

भिजवलेल्या ढालीबद्दल सुतारपक्षी यांनी बोलावं, तो त्यांचा प्रांत.

सुतारपक्षी
ढाल भिजवत नसत. भिजवली असती तर उकलली असती.

युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातली एक रोमन ढाल सापडली, ती आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. उंची सुमारे १०५ सेंटिमीटर. चिनाराच्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर, मधला उभा आणि बाहेरचे दोन आडवे. म्हणजे आपलं प्लायवूडच. इजिप्तच्या फायूममध्ये सापडलेली ढालही तीन थरांची आहे, तिची उंची १२८ सेंटिमीटर. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की थर सरसाने जोडत, वर कापड आणि वासराचं कातडं चढवत.

सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला डिंक. फेव्हिकॉल येण्याआधी आपल्याकडचे सुतारही तोच वापरत. सरसाने जोडलेला सांधा पाण्यात राहिला की फुगतो, मऊ होतो आणि सुटतो. शिवाय कातडं भिजून वाळलं की आक्रसतं आणि ढालीचा बाक बिघडतो. म्हणून रोमन लोक ढालीला कातड्याची खोळ घालत, ती पावसापासून वाचवायला. स्वित्झर्लंडमधल्या विंडोनिस्सा छावणीत अशा खोळींचे तुकडे सापडले आहेत. जी वस्तू पावसापासून जपायची, ती कोणी मुद्दाम हौदात बुडवत नाही.

मुलांना दाखवायचं असेल तर लाकडाच्या दोन पातळ चिपा सरसाने चिकटवा, दोन दिवस वाळू द्या आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी हाताने सुटतील.

शालोम
पण मग 'जळते बाण विझवता येतील' हे पौल का म्हणतो? ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसच्या ग्रंथात प्लाटिया या ग्रीक शहराच्या वेढ्यात लाकडी बांधकामावर कातडी ताणून अग्निबाणांपासून रक्षण केल्याचं आहे. कातडं ओलं असेल तर आणखी बरं. एकदम खोटं म्हणू नये असं वाटतं.

सुतारपक्षी
शालोमताई, ते तटावरचं लाकूडकाम होतं. जागच्या जागी उभं, सरस नसलेलं. त्याला ओलं कातडं चालतं. हातातल्या ढालीचं गणित वेगळं, पाणी प्यायली की वजन वाढतं. ढाल मुळातच ५ ते १० किलोंची, आणि ती एका हाताने पेलायची आहे. बाण विझवायला कोरडं कातडंही पुरतं. उघडं लाकूड जसं पेट घेतं तसं ते घेत नाही.

लष्करीवाचक
शालोम यांचा प्रश्न धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. जळता बाण मुळात करायचा काय?

रोमन इतिहासकार लिव्हीने स्पेनमधल्या सगुंटमच्या वेढ्याच्या हकिकतीत, म्हणजे ख्रिस्तपूर्व २१९ च्या, एका जळत्या भाल्याचं वर्णन केलं आहे. दांड्याला लोखंडी टोकाजवळ ताग गुंडाळायचा, राळेत माखायचा, पेटवायचा आणि फेकायचा. लोखंडी टोक तीन फूट लांब. लिव्ही म्हणतो की हा भाला ढालीत अडकला आणि अंगाला लागला नाही, तरी भीती मोठी होती. वाऱ्याच्या वेगाने आग भडके, शिपाई घाबरून ढाल टाकून देई आणि पुढच्या माऱ्याला उघडा पडे.

म्हणजे जळत्या अस्त्राचं काम माणूस मारणं एवढंच नव्हतं. माणसाकडून ढाल टाकवून घ्यायची, मग साधा बाणही पुरतो. पौलाची ओवी यावर ठेवून वाचा. संकट आलं की ते संकट माणसाला जेवढं मोडतं, त्याहून जास्त 'आता प्रार्थनेत काय अर्थ आहे' असं म्हणून विश्वास खाली ठेवल्याने तो मोडतो. आजारपण, नापास होणं, घरातलं मरण यांना तोंड देणाऱ्या मुलाला हे समजतं. भिजवलेल्या ढालीच्या गोष्टीत हे हाती लागत नाही, म्हणून ती सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे.

वसईची_घंटा
जरा थांबा. तुम्ही सगळे रोमन छावणीतच शिरलात. पौलाच्या डोळ्यांसमोर आधी यशया आहे. यशया ५९:१७ मध्ये परमेश्वर स्वतः नीतिमत्त्वाचं चिलखत घालतो, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण ठेवतो. ११:५ मध्ये कमरपट्टा आहे, ५२:७ मध्ये शांतीची सुवार्ता आणणाऱ्याचे पाय. आम्हा कॅथलिकांच्या बायबलात शलमोनाचा ज्ञानग्रंथ आहे, त्याच्या ५ व्या अध्यायात तर उरस्त्राण, शिरस्त्राण, ढाल, तरवार अशी अख्खी मालिका येते. ही सामग्री देवाची आहे म्हणजे देवाने पुरवलेली एवढंच नाही, देवाने स्वतः अंगावर घातलेली. मुलांना हे आधी सांगा, खिळे-कातडी नंतर.

लष्करीवाचक
मान्य, आणि क्रमही तुमचाच योग्य. फक्त जळते बाण विझवणारी ढाल यशयात नाही, ज्ञानग्रंथातही नाही. ती शिपाई पाहिलेल्या माणसाची आहे. पौलाने ते जवळून पाहिले होते. प्रेषितांची कृत्ये २३:२३ प्रमाणे त्याला यरुशलेमहून रातोरात हलवताना २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालाईत सोबत होते. पुढे कैसरियात दोन वर्षं कैद, मग रोममध्ये पहाऱ्यावरच्या शिपायासह राहणं. त्याने नीतिमत्त्वाचं उरस्त्राण यशयाकडून घेतलं आणि ढाल पहारेकऱ्याकडून.

कोरडवाहू
मूळ प्रश्नाकडे येऊ. मला हे चित्र लहान मुलांसाठी पटत नाही.
मत्तय २६:५२ मध्ये प्रभू पेत्राला तरवार म्यानात घालायला सांगतो. आरंभीचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन म्हणतो, पेत्राची तरवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक शिपायाचा पट्टा सोडवला. आणि हे पुस्तकापुरतं राहिलं नाही. १२ मार्च २९५ रोजी आजच्या अल्जीरियातल्या थेवेस्ते इथे मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाला भरतीसाठी उभं केलं. उंची मोजली, रोमन मापाने ५ फूट १० इंच भरली. भरतीची खूण म्हणून गळ्यात घालायची शिशाची मुद्रा त्याने नाकारली: मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येणार नाही. बाप निवृत्त शिपाई, तोही समोर होता. मुलाला मृत्युदंड झाला. तीन वर्षांनी, २९८ मध्ये, मार्सेलस या शताधिपतीने, म्हणजे रोमन तुकडीच्या नायकाने, सम्राटाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत निशाणांसमोर पट्टा आणि पदाची खूण असलेली वेलीची छडी फेकून दिली. आजच्या मोरोक्कोतल्या टँजिअरला ३० ऑक्टोबरला त्याचं डोकं उडवलं.
ज्यांनी खरा पट्टा काढून जीव दिला, त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नाही. पुठ्ठ्याचा पट्टा मात्र दरवर्षी बांधतो.

देवळाली_कॅम्प
कोरडवाहू, मॅक्सिमिलियनच्या चौकशीतच न्यायाधीश त्याला सांगतो की सम्राटांच्या खास रक्षकांत ख्रिस्ती शिपाई आहेत आणि ते चाकरी करतात. मुलगा म्हणतो, त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक. त्याने त्यांचा धिक्कार केला नाही. दोन्ही वाटा तेव्हाही होत्या.

शुभवर्तमानात शिपायांना काय सांगितलंय ते बघा. लूक ३:१४ मध्ये शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो नोकरी सोडा म्हणत नाही. जुलमाने किंवा खोटा आळ घालून कोणाचं काही घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढंच. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून पगार बघा. मृत समुद्राजवळच्या मसाडा किल्ल्यात पपायरसवर एका शिपायाची पगारपावती सापडली आहे, यरुशलेम पडल्यानंतरच्या काही वर्षांतली. नाव गायस मेसियस. हप्ता ५० दिनार. त्यातून जवासाठी १६, जेवणासाठी २०, पायतणांसाठी ५, कातडी पट्ट्यांसाठी २ आणि तागाच्या अंगरख्यासाठी ७ कापले. बेरीज करा, शिल्लक शून्य. योहानाकडे आलेले शिपाई रोमन पलटणीतलेच होते असं नाही, पण अशा पगारावरच्या शिपायाला गावकऱ्याकडून काहीतरी उकळायचा मोह रोजचा असतो. योहानाने नेमकी तीच जागा धरली.

आणि शिपाई रस्त्यावरच्या माणसाला सामान वाहायला धरू शकत असे. कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला असंच धरलं. मत्तय ५:४१ मधलं 'एक कोस न्यायला धरलं तर दुसरा कोसही जा' हे त्याच जाचातून येतं. डोंगरावरचं प्रवचन ऐकणाऱ्यांना शिपाई म्हणजे कोण, हे चांगलं माहीत होतं. तरी आजारी चाकरासाठी विनंती करणाऱ्या कफर्णहूमच्या शताधिपतीबद्दल प्रभू म्हणतो की एवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही.

शालोम
+१. शताधिपतीचं बोलणं शिपायाच्या रोजच्या कामातलं आहे: मी एकाला जा म्हटलं की तो जातो. सुमारे ८० माणसांचा नायक, त्याच्या वरही कोणी आहे. हुकूम पोचला की काम होतं, स्वतः जावं लागत नाही, हे त्याला सरावाने ठाऊक. म्हणून 'शब्द मात्र बोला'. इथे त्याची शिपाईगिरीच त्याच्या विश्वासाची रीत झाली आहे. मुलांसाठी इफिस ६ च्या आधी हा पाठ घ्या.

वसईची_घंटा
अवांतर. चर्च आणि लष्कर किती जवळ बसले होते ते पाहायचं तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जा. १८५८ साली त्याचं समर्पण झालं, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. १० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला तो रविवारी संध्याकाळी, गोरे शिपाई उपासनेच्या तयारीत असताना. त्यानंतर उपासनेलाही हत्यार न्यायची रीत पडली.
उलट दिशेचंही उदाहरण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१. आमच्या भागात हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी त्यावरून भांडत नाही.

देवळाली_कॅम्प
अवांतरात माझीही भर. लष्करी शब्द घेऊन हत्यार न घेतलेली फौजही महाराष्ट्राने पाहिली आहे. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था, १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबईत उतरली. पुढारी फ्रेडरिक टकर, सनदी नोकरी सोडून आलेला. त्याने भगवी वस्त्रं घातली आणि फकीरसिंग नाव घेतलं. कॅप्टन, मेजर, कमिशनर ही पदं, गणवेश, निशाण, बँड, सभासदाला शिपाईच म्हणायचं आणि त्याने करारावर सही करायची. त्या करारात दारू-तंबाखू सोडणंही येतं. लढाई कशाशी, ते त्या सहीत लिहिलेलं आहे. अहिल्यानगरचं त्यांचं रुग्णालय लोकांना माहीत आहेच.
आणि खडकीच्या युद्धस्मशानात कबरींच्या ओळी पाहा. राष्ट्रकुलाच्या अशा स्मशानांतला मोठा दगडी क्रूस रेजिनाल्ड ब्लोमफील्डने आखलेला असतो. त्यावर ब्राँझची तरवार असते, टोक खाली. त्या नक्षीबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच बोलता येईल.

कोरडवाहू
देवळालीकरांचा पगारपावतीचा मुद्दा घेतो, तो शिकवण्यासारखा आहे. माझा विरोध थोडा बदलून मांडतो. इफिस ६:१२ मध्ये आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे पौल हत्यारांची यादी देण्यापूर्वी सांगतो. उपदेशात ती ओवी घाईत उरकतात आणि मुलं दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यालाच शत्रू समजून घरी जातात. निशिगंध, ती ओवी पाठ झाल्याशिवाय ढाल हातात देऊ नका, एवढी अट घाला. मॅक्सिमिलियन आणि मार्सेलसची हकिकत शेवटच्या दिवशी सांगा. मग माझा आक्षेप राहणार नाही.

निशिगंध
अट मान्य, आणि दोघांची हकिकत पट्ट्याच्या पाठालाच घेते. सुएटोनियसची शिक्षा आणि मार्सेलसचं पट्टा फेकणं शेजारी-शेजारी छान बसेल. आता दोन शंका. पायतणं आणि शिरस्त्राण यांवर कोणी फारसं बोललं नाही. आणि ढाल करायची कृती हवी आहे.

लष्करीवाचक
पायतणांच्या तळाला लोखंडी खिळे. मातीवर, उतारावर पकड बसते. गुळगुळीत फरशीवर उलट होतं. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की इ.स. ७० मध्ये यरुशलेमच्या मंदिराच्या फरसबंदीवर जूलियन नावाचा शताधिपती एकटा शत्रूला मागे रेटत होता. खिळ्यांमुळे घसरून पडला आणि तिथेच मारला गेला. पौल या भागात 'उभे राहा' हेच पुन्हा पुन्हा सांगतो. चढाईचा हुकूम कुठेही नाही. लांबून फेकायचा भालाही यादीत नाही, जो रोमन शिपायाचं मुख्य अस्त्र होता. मिळालेली जागा सोडू नका, एवढीच आज्ञा. म्हणून पायांचा पाठ पकडीवर घ्या.

शिरस्त्राण दीड-दोन किलोंचं, उन्हात तापतं. वाटचालीत ते छातीवर लटकवत, ढाल खोळीत. दोन्ही लढाईच्या तोंडावर घ्यायच्या वस्तू. ख्रिस्तपूर्व ५७ मध्ये सांब्र नदीकाठी छावणी बांधत असताना सीझरच्या फौजेवर हल्ला आला. तो लिहितो की शिरस्त्राण घालायला आणि ढालीची खोळ काढायलाही वेळ मिळाला नाही. पौल १३ व्या ओवीत 'वाईट दिवसा'बद्दल बोलतो. तो दिवस कळवून येत नाही. मुलांकडून खोळ काढून ढाल धरण्याचा सराव शिट्टीवर करून घ्या.

आणि ढाल एकट्याने धरू देऊ नका. पत्र मंडळीला लिहिलेलं आहे. बाणांच्या माऱ्यात रोमन लोक पहिली रांग गुडघ्यावर, मागच्यांच्या ढाली डोक्यावर अशी रचना करत. ख्रिस्तपूर्व ३६ मध्ये पार्थियातून (आजच्या इराणकडचं राज्य) मागे येताना रोमन सेनापती अँटनीच्या फौजेने हेच केलं. आठ मुलांत करून पाहता येतं.

सुतारपक्षी
कृती. खोक्याचा नळीदार पुठ्ठा नको, वाकवताना रेघेवर मोडतो. बाइंडिंगचा पातळ सपाट पुठ्ठा घ्या. मुलांसाठी ७५ × ६० सेंटिमीटरचे तीन तुकडे. फेव्हिकॉलमध्ये थोडंच पाणी घाला, जास्त झालं की पुठ्ठा लाटा धरतो. थर ओले असतानाच २०० लिटरच्या पिंपावर आडवे टाका, सुतळीने चार ठिकाणी आवळा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. लवकर सोडलंत तर परत सपाट होतात. मग मांजरपाट चिकटवा आणि कडेला कापडी पट्टी फिरवा.

मध्ये मुठीपुरतं भोक, मागे आडवी लाकडी दांडी, पुढून स्टीलची वाटी. हातात अडकवायचे पट्टे लावू नका, सगळे तीच चूक करतात. रोमन ढाल एका आडव्या मुठीवरच धरत, त्यामुळे पकड सुटली की ती पडते. लिव्हीचा मुद्दा मुलांना हातानेच कळेल. दांडीची टोकं दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यावर निदान १० सेंटिमीटर जाऊ द्या आणि सुतळीने शिवा, नुसत्या फेव्हिकॉलवर पहिल्याच दिवशी उपटून येते.

तरवार करायचीच असेल तर पातं ५० सेंटिमीटरच्या आत, फोमचं, आणि ती शेवटच्या दिवशी द्या. आधी दिलीत तर बाकीचे पाठ कोणी ऐकणार नाही.

शालोम
शेवटच्या दिवशी १८ वी ओवीही घ्या, प्रार्थनेत जागृत राहण्याची. तरवारीवर थांबतात आणि ती राहून जाते. रोमन छावणीत रात्रीचे चार पहारे असत. मार्क १३:३५ मध्ये तेच चार आहेत: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट. पॉलिबियस सांगतो की पहाऱ्यावर झोपलेल्याला सोबतीच काठ्या-दगडांनी मारत, कारण एकाच्या झोपेने सगळी छावणी जाते. मुलांचे चार गट करा. प्रत्येकाला दिवसाचा एक पहारा द्या आणि त्या वेळी कोणासाठी प्रार्थना करायची ती नावं चिठ्ठीवर लिहून द्या. गट बदलताना चिठ्ठी पुढच्या गटाच्या हातात गेली पाहिजे.

निशिगंध
चिठ्ठीची कल्पना घेते. पिंप मंडळीच्या आवारात आहे, पुठ्ठा उद्या आणते. सुतारपक्षी, सरस आता कुठे मिळतो तेवढं सांगा.

सुतारपक्षी
जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, खडे किंवा वड्या मिळतात. रात्रभर पाण्यात भिजवा आणि गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर ठेवू नका, करपतो आणि मग धरत नाही.